सायकलमागचा भोंगा

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी दुपारी आली आणि माझ्या गळ्यात एक धोंड बांधून गेली. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, चौघीही पन्नाशी ओलांडलेल्या, दोन मार्चला सायकलच्या सांघिक शर्यतीत उतरणार आहेत. पहाटे निघायचं, आळीपाळीने एकेकीने चालवायचं, प्रत्येकीच्या दोन पाळ्या, आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात पोहोचायचं. चालवणारीच्या मागे एक गाडी सतत हवी. तीत उरलेल्या तिघी, पाणी, खाणं, जास्तीची चाकं आणि मदतीची माणसं. गाडी नाही तर संघ नाही, असा नियमच आहे.

"ताई, गाडीचं आणि माणसांचं तू बघ," ती म्हणाली.

"मी का?"

"अख्खी नोकरी बस डेपोत काढलीस. तुझ्याइतके ड्रायव्हर कोणाच्या ओळखीचे आहेत?"

ओळखीचे आहेत हे खरं. पण ओळख असणं आणि हाकेला धावून येणं यांत फरक आहे. नियंत्रण कक्षात बसून मी ज्यांना फलाटावर जाहीर झापलं, ते निवृत्तीनंतरही रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

मग म्हणाली, "गाडीच्या टपावर भोंगा हवा. तू आत बसून बोलायचं. वळण, खड्डा, गतिरोधक, सगळं आधी सांगायचं. डेपोत सांगायचीस तसं."

"सायकलची शर्यत आहे की निवडणूक?"

ती हसली नाही. "यंदा नाही तर मग कधीच नाही, ताई."

हिला लहानपणापासून नाटकाची आवड. पाचवीत असताना नव्या चपलांसाठी हेच वाक्य वापरलं होतं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत इथेच बसली असती. पण गाडी, ड्रायव्हर आणि शिस्त एवढंच देईन. भोंगा लावणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्यांच्या संघाची कप्तान दातांची डॉक्टर आहे. तिच्या भावाची मोठी गाडी मिळणार असं ठरलं होतं. आज तिचा फोन. त्या दिवशी भावाच्या बायकोला माहेरी जायचं आहे, तेव्हा गाडी नाही. दात काढताना म्हणतात तशाच सुरात म्हणाली, "थोडं दुखेल, पण तुम्ही करालच काहीतरी."

केलं. लाँड्रीवाल्याकडे जाऊन बसले. तो इस्त्री करत होता आणि मी त्याला रविवारी टेम्पो उभा ठेवण्यातला तोटा समजावत होते.

"बाई, टेम्पो दिला असता. पण माझा टेम्पो दुसऱ्याने चालवलेला मला बघवत नाही."

"मग बघू नका. रविवारी झोपा."

तीन सदरे इस्त्री होईपर्यंत तो तयार झाला. आत कपडे टांगायच्या दांड्या आहेत, त्यांना सायकली बांधता येतील. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "डाग आम्हाला द्या, झोप तुम्ही घ्या". कप्तान म्हणते हे झाकता येईल का. मी म्हटलं, झाकायला चादर तुमच्या भावाकडून आणा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौघींना एकत्र बसवून वेळापत्रक समजवायचं तर धाकटीची अट, बैठक दुपारीच. बाकीच्या तिघी, म्हणजे कप्तान, एक ग्रंथालयातली आणि एक शाळेतली, कामावर जाणाऱ्या, त्यांना संध्याकाळ सोयीची. ही घरी रिकामी, आणि तरी हिची सोय बघायची. मी संध्याकाळची वेळ दिली, तर ही आलीच नाही. पाय दुखतो म्हणाली.

परवाचं तर विसरताच येत नाही. दिवेलागणीला बाजारात ती मला चार पावलांवरून ओलांडून गेली. मी हात केला. सरळ पुढे गेली, मान वर, जशी काही राणी. मी तिथल्या तिथे ठरवलं की आपण होऊन बोलायचं नाही. घरी आले तर तिचाच फोन, ड्रायव्हर मिळाला का. बाजारातलं काहीच नाही. कामापुरती ताई. असो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डेपोतला एक जुना ड्रायव्हर तयार झाला. त्याला आम्ही तुफान म्हणायचो, पण वयाने तुफान निवलं असेल असं वाटलं. आज चाचणी घेतली. कप्तान सायकलवर, मागे टेम्पो, शेजारी मी.

सायकलच्या मागे राहायचं, एवढंच काम. पहिल्या वळणापर्यंत राहिला. मग त्याचे हात स्टिअरिंगवर वळवळायला लागले. पाय ब्रेकवर, पाय गॅसवर, टेम्पो असा हिसके देत होता की दांडीवरची सायकल माझ्या डोक्यावर येऊन बसली.

"हळू," मी म्हटलं.

"याहून हळू म्हणजे उभाच की."

आणि बघता बघता त्याने कप्तानला मागे टाकलं. मी ओरडले. तो म्हणाला, "येईल हो मागून. आपण पुढे चहा घेऊन थांबू." खरोखरच टपरीपाशी गाडी लावली. कप्तान पोहोचली तेव्हा तो दुसरा कप पीत होता आणि मी रस्त्यावर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा विचार करत होते.

आणखी दोघांना विचारलं. एकाने, "मॅडम, अजून झापायचं बाकी आहे का," असं विचारून फोन ठेवला. दुसऱ्याची बायको म्हणाली की ते गावाला गेले आहेत. मागून त्याचा खोकला मला स्पष्ट ऐकू आला. खोकल्यावरून माणूस ओळखायची मला सवय आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज बँकेतून येताना रिक्षा एका शववाहिकेमागे अडकली. पुढे शववाहिका, तिच्यामागे पायी चालणारे लोक, त्यांच्यामागे आम्ही. घाईत होते, मनातल्या मनात चरफडत होते. मग लक्षात आलं की ही गाडी माणसांच्या चालीने चालली आहे, पण एकदाही हिसका नाही. म्हातारी माणसं मागे पडली की तीही तेवढीच मंदावते. एका हातगाडीला वळसा घातला तो असा, जसा दुधाचं भांडं हातात धरून घालावा.

रिक्षा सोडली आणि शेवटपर्यंत मागून चालत गेले. मयत कोणाचं होतं ते अजून माहीत नाही. सगळं आटोपेपर्यंत ड्रायव्हरची वाट बघत उभी राहिले. दोघांनी माझं सांत्वनही केलं.

ड्रायव्हर मध्यमवयीन, सडपातळ, पान न खाणारा. त्याला सगळं सांगितलं.

"सायकलच्या वेगाने?" तो म्हणाला. "मॅडम, माझ्यासाठी ती घाईच झाली."

"दिवसभर जमेल? कंटाळा?"

"आमचा पॅसेंजर कधी लवकर चला म्हणत नाही. सवय आहे."

रविवारी त्याला सुट्टी असते, आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणाला, जिवंत माणसांमागे गाडी चालवायला बरंच वाटेल.

घरी सांगितलं तर वहिनी तिथेच होती. माझ्या मोठ्या भावाची बायको, पाणी-खाण्याची जबाबदारी तिच्याकडे दिली आहे. म्हणाली, "वा. म्हणजे पोहोचलो नाही तरी पुढची सोय झाली." हे खो-खो हसले. यांना माझ्या अडचणींत नेहमीच करमणूक सापडते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजची रंगीत तालीम. टेम्पो उत्तम चालला. शववाहिकेच्या ड्रायव्हरला मुलींनी (पन्नाशीच्या मुली) सावकाश असं नाव ठेवलं आहे आणि त्यालाही ते आवडलेलं दिसतं. बाकी सगळा बोजवारा.

चालत्या सायकलवर पाण्याची बाटली द्यायची असते. वहिनी रस्त्याच्या कडेला बाटली लांब धरून उभी, सायकल जवळून जाते, चालवणारी हात करून बाटली उचलते. तिघींनी उचलली. धाकटी आली आणि सरळ निघून गेली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वहिनीने बाटली इतकी पुढे केली की ती धाकटीच्या कोपराला लागली, आणि धाकटी अशी दचकली की पडता पडता वाचली.

मी वहिनीला सगळ्यांसमोर झापलं. बाटली कधी पुढे करायची याचं भान नको का.

वहिनी म्हणाली, "तिने हातच केला नाही. मी काय तिच्या तोंडात ओतू?"

"तुमचं लक्ष नव्हतं."

"माझं लक्ष होतं. तुमचं नाही." आणि बाटली माझ्या हातात देऊन ती घरी गेली. चालत. एवढ्या उन्हात. तालेवार माहेर असलं की असंच.

धाकटी खाली मान घालून उभी होती. म्हणाली, "ताई, वहिनीची चूक नव्हती. बाटली बाजूने नको, समोरून दाखव म्हणावं."

"समोर उभी केली तर अंगावर घालशील."

"नाही घालणार. समोरचं चालतं."

आता हिला बाटलीसुद्धा समोरून हवी, तबकात घालून. मी म्हटलं, जी बाटली तिघींना चालते ती चौथीला चालेल. ती सायकलच्या घंटीचं बटण उगाच दाबत राहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी येणार नाही. मी फोन केला, माफीच मागितली असं म्हणायला हरकत नाही. मी म्हणाले, "तुम्ही चुकलात तरी मी मनात ठेवलेलं नाही." तिने फोन ठेवला. आता पाणी-खाणंही माझ्याकडेच. केळी, उकडलेले बटाटे, मिठाचं पाणी. गाडीत माणसं म्हणून आता मी आणि सावकाश.

जेवताना यांनी विषय काढला. "धाकटी परवा चौकातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना दिसली."

"चाळिशी लागली असेल उशिरा. मलाही आहे."

"हाताला धरून जिना उतरवला तिला कुणीतरी."

"तिला कौतुक करून घ्यायची सवयच आहे."

हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "भोंगा मागतेय तर लाव ना."

"रस्त्याने बोंबलत जायचं माझं वय आहे?"

"आधी कधी होतं?" म्हणाले, आणि ताट उचलून गेले.

१ मार्च, शनिवार

बाजारातून आले तर लाँड्रीवाल्याच्या टेम्पोच्या टपावर भोंगा. हे आणि सावकाश दोघे मिळून वायर ओढत होते. डेपोच्या भंगारातून आणला म्हणे. माझाच जुना. कडेला पोचा आलेला आहे, तो मी ओळखला. चिडले, पण उद्याच्या वेळापत्रकाची चिंता जास्त मोठी, म्हणून सोडून दिलं.

दुपारी चौघी आल्या. क्रम ठरवायचा होता. एकदा दिला की बदलता येत नाही, आणि एकीची पाळी दुसरीने केली तर संघ बाद. धाकटी म्हणाली, मी पहिली जाते. कप्तान म्हणाली, सगळ्यांत दमदार शेवटी. शहरात शिरताना तूच हवीस.

"मला पहिलीच दे," धाकटी म्हणाली.

मला तिच्या या नखऱ्यांचा वीट आला होता. म्हटलं, "मान मिळतोय तर घे की."

ती माझ्याकडे वळली. अख्खी वळली, खांद्यासकट. "ताई, उजेड असताना पोहोचू ना?"

"माझं वेळापत्रक आहे. सूर्य मावळायच्या आत तुम्ही तिकडे चहा पीत असाल."

"नक्की?"

"माझी गाडी कधी उशिरा सुटली आहे?"

मग ती हो म्हणाली. क्रम मीच लिहून आयोजकांकडे पोहोचवला. जाताना तिने फाटकाच्या उघड्या झडपेवर गुडघा आपटला. जन्मापासून वेंधळी.

३ मार्च, सोमवार

काल जे झालं ते नीट लिहून काढते. एकही वाक्य पुढचं मागे होऊ नये.

सुटलो वेळेवर. कप्तान पहिली, मग ग्रंथालयातली, मग शाळेतली, मग धाकटी. पहिली फेरी कागदाबरहुकूम झाली. धाकटीने सकाळच्या उन्हात अशी सायकल हाणली की मागे राहायला सावकाशलाही कष्ट पडले. मी भोंग्यावरून दोनदा बोलले, "पुढे गतिरोधक" आणि "पाणी पी". तिने न वळता हात वर केला. मला बरं वाटलं. लपवायचं कशाला.

दुसऱ्या फेरीला सगळं फिसकटलं. रेल्वे फाटकावर मालगाडी उभी राहिली ती हलेचना. फाटकवाल्याला मी गाडी कधी हलणार ते विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मी फाटक उघडतो, इंजिन नाही." मग समोरून वारा सुटला. ग्रंथालयातलीची साखळी तुटली. शाळेतलीच्या पोटऱ्या आखडल्या, तिला रस्त्याच्या कडेला झोपवून पाय चोळले. मी प्रत्येक वेळी घड्याळ पाहत होते आणि प्रत्येक वेळी आपलं वेळापत्रक कसं बरोबर होतं हे सगळ्यांना सांगत होते.

धाकटीने शेवटची पाळी हातात घेतली तेव्हा ऊन रस्त्यावरून झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सायकलवर बसण्याआधी ती टेम्पोच्या खिडकीशी आली. "ताई, आता बोलत राहा. थांबू नकोस. काहीही दिसलं की सांग."

"तुला काय, तुझ्यासमोर रस्ता आहे."

"सांग म्हटलं ना."

तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी बोलायला लागले. पुढे उजवं वळण. डावीकडे खड्डा. रस्ता मोकळा. रस्ता मोकळा. ती बाणासारखी सरळ चालली होती. सावकाशने दिवे लावले, तिची सावली तिच्यापुढे लांब पडली. मागे तिघी गाणी म्हणत होत्या. लांबवर शहराचे दिवे दिसायला लागले.

कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. माणूस आहे, दिसेल, म्हणून मी बोलले नाही. धाकटी तिच्या इतक्या जवळून गेली की भारा फिरला आणि बाई रस्त्याखाली उतरली. धाकटीने मागे पाहिलं नाही. तिला काही झालं आहे हेच कळलं नव्हतं.

आणि मग मला तिची मान दिसली. ती सारखी हलत होती, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, कोंबडीसारखी. ही मान मी पाहिलेली आहे. डेपोत दरवर्षी ड्रायव्हरांची नजर तपासायचे. डॉक्टर समोर बसून कानामागून पेन हळूहळू पुढे आणायचे, दिसलं की सांगा म्हणायचे. ज्यांना कडेचं दिसायचं नाही ते अशीच चोरून मान फिरवायचे. त्यांच्या हातून गाडी काढून त्यांना तिकीट खिडकीवर बसवायचा हुकूम माझ्याच टेबलावरून जायचा. मी एकाचीही गय केली नाही.

बाटली. बाजार. फाटकाची झडप. दुपारची बैठक. डोळ्यांचा दवाखाना.

ती बरोबर मधोमध चालली होती, माझ्या आवाजावर. मी बोलत राहिले असते तर कदाचित पोहोचलीही असती. पण आता मलाच रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या होत्या, आणि जे मला दिसत नाही ते मी तिला सांगणार कसं.

कप्तानला मागून कळलं की मी गप्प झाले आहे. "काय झालं? बोला की. शहराचे दिवे दिसतायत समोर."

"कोणाला?" मी विचारलं.

मग भोंग्याचं बटण दाबलं. माझा डेपोतला आवाज आपोआप आला, बोलावला नाही. "कृपया लक्ष द्या. सायकल क्रमांक सतरा पुढे जाणार नाही. सायकल क्रमांक सतरा इथेच थांबवण्यात येत आहे."

ती थांबली. एक पाय खाली टेकवला आणि तशीच उभी राहिली, पाठमोरी. सावकाशने तिच्यामागे गाडी अशी आणून उभी केली की चाकाचा आवाजही आला नाही.

कप्तान मला काय काय बोलली ते लिहीत नाही. तिला अजून कारण माहीत नाही, धाकटीने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. संघ बाद. परतीच्या वाटेवर धाकटी टांगायच्या दांडीला धरून बसली होती. मी पाणी पुढे केलं. समोरून केलं. तिने घेतलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

टेम्पो धुऊन परत दिला. लाँड्रीवाल्याने आरसा वाकडा झाल्याचं दाखवलं. तुमचा डाग आम्हाला द्या, असं मी म्हणाले नाही.

धाकटी फोन उचलत नाही. यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. म्हणाले, अंदाज होता. मग बोलला का नाहीत. म्हणाले, "मी बोललो होतो. तू उत्तर देत होतीस."

वहिनीची खरीखुरी माफी मागायला हवी. कप्तानकडे जाऊन दोन दाढा उपटून घेणं सोपं.

१३ मार्च, गुरुवार

वहिनीकडे गेले. दारातच म्हणाले, "चूक माझी होती." ती म्हणाली, "पुन्हा म्हणा, यांनाही ऐकू दे," आणि भावाला आतून बोलावून आणलं. मी पुन्हा म्हणाले. तिने चहा दिला. कपात साखर विसरली, की मुद्दाम, देव जाणे.

घरी आले तर पायरीवर धाकटी. दुपार होती. मी दार उघडलं, तिला आधी जाऊ दिलं, उंबऱ्यापाशी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"आंधळी नाही झाले अजून," म्हणाली.

बसलो. ती म्हणाली, बाजू मिटत येतात, पडदा ओढावा तशा. संध्याकाळी काहीच उरत नाही. समोरचं अजून बरीच वर्षं राहील असं डॉक्टर म्हणतात, नक्की कोणी सांगत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला फलाटावरून हलू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

"तू मेली असतीस. ती भारेवाली मेली असती."

 "ती होती?" म्हणाली. "मला वाटलं वारा आला." मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली. मीही तिला सावरायला गेले नाही, कारण मला राग आला होता आणि अजून आहे. तिचाही गेलेला नाही. शहर समोर होतं, म्हणते, मी पोहोचले असते. मी म्हटलं, किंवा नसतीस. म्हणाली, तो माझा प्रश्न होता. मी म्हटलं, गाडी माझी होती. इथे आम्ही दोघीही थांबलो.

उठताना मी विचारलं, "एवढे ड्रायव्हर जगात असताना माझीच मान का पकडलीस?"

"ड्रायव्हर कोणाला हवे होते?" ती म्हणाली. "कॉलेजातून येताना तुझ्या त्या स्टँडवर एवढी गर्दी असायची. मी डोळे मिटून उभी राहायचे. तू सांगशील तेव्हा जायचं, तू सांगशील तिकडे."

मी तिला म्हटलं की गर्दीत डोळे मिटून उभं राहणं हा मूर्खपणा आहे, पाकीट मारतात.

दाराशी ती थांबली. "पुढच्या रविवारी सकाळी ऊन चांगलं वर आलं की मला जायचंय. जुन्या बंद पडलेल्या विमानपट्टीवर, जिथे कोणी येत नाही. गाडीचं बघशील?"

२३ मार्च, रविवार

लाँड्रीवाला टेम्पो देईना, आरसा दाखवत होता. पुन्हा सदरे इस्त्री होईपर्यंत बसले. सावकाश नऊला आला. वहिनी बाटल्या घेऊन आधीच टेम्पोत बसलेली. विमानपट्टीच्या रखवालदाराला फाटक उघडायला अर्धा तास समजावत होते. त्याला वाटलं आम्ही कोणाला पुरायला आलो आहोत. सावकाशची कीर्ती तिथपर्यंत आहे.

ऊन स्वच्छ. धाकटी पुढे, आम्ही मागे. वहिनी पट्टीच्या मधोमध जाऊन बाटली छातीसमोर धरून उभी राहिली, पुतळ्यासारखी. धाकटी सरळ तिच्या रोखाने आली, बाटली उचलली आणि वळसा घालून गेली. वहिनीने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी दुसरीकडे पाहिलं आणि तिला टेम्पोत घेतलं.

तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं. खड्डा नाही, वळण नाही. "पट्टी सरळ आहे," म्हटलं. "पट्टी सरळच आहे." मग गप्प बसले, तर तिने पुढून हात हलवला.

"बोल ना."

"काय बोलू? काहीच नाहीये."

"बाजूला काय आहे ते सांग."

मी पाहिलं. "डावीकडे झाडं."

"कसली?"

"हिरवी."

वहिनी मागे हसायला लागली. सावकाशने तोंड आवळून धरलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते. मी म्हटलं, उजवीकडे कुंपण आहे, त्यावर पिवळी फुलं आहेत. तर पुढून ओरडते कशी, "किती पिवळी? ताई, नीट सांग."

नोकरीभर मी गाड्या सांगितल्या. फुलं मला कोणी विचारली नव्हती. खिडकीतून अर्धी बाहेर निघून बघत बसावं लागलं, मान दुखतेय. भोंग्याची वायर पुन्हा सैल झाली आहे, ती यांच्याकडून नीट करून घ्यायची. पुढच्या रविवारसाठी टेम्पोचं लाँड्रीवाल्याला आत्ताच सांगून ठेवायला हवं, नाहीतर ऐन वेळी नाटकं करतो. आणि उद्या ग्रंथालयात जाऊन झाडांवरचं एखादं पुस्तक आणायचं. चित्रं असलेलं.